तिकोण्यावर सगळे चढतात, पण पायथ्याच्या गावाला 'पेठ' का म्हणतात?

पाऊस सुरू झाला की तुमच्या फीडमध्ये एक व्हिडिओ हमखास येतो. धुक्यात अर्धा बुडालेला त्रिकोणी डोंगर, खाली लांबवर पसरलेलं पाणी, तटाजवळ उभं राहून हात पसरलेला कुणीतरी आणि वर लोकेशन, तिकोणा फोर्ट. पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येईल असा किल्ला. शनिवार-रविवारी पायथ्याला गाड्या लावायला जागा मिळत नाही.

या व्हिडिओत जवळपास कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे पायथ्याचं गाव. गाडी लावायची, पाण्याची बाटली घ्यायची, वर जायचं, खाली येऊन चहा प्यायचा आणि निघायचं. गावाचं नाव लक्षात राहतं ते फक्त मॅपमध्ये टाकायला लागतं म्हणून. तिकोणा पेठ.

आता गंमत बघा. मावळात गावांची नावं कशी असतात? जवण, मोर्वे, शिळींब, दुधिवरे, करुंज. वस्ती छोटी असेल तर मागे वाडी लागते, जसं तुंगवाडी, लोहगडवाडी. मग भातखाचरांच्या मधे वसलेल्या या गावाला 'पेठ' कुणी म्हटलं? पेठ म्हटल्यावर आपल्याला सदाशिव पेठ आठवते, शुक्रवार पेठ आठवते. इथे तर तुळशीबाग सोडा, चार दुकानांची रांगही मोठी वाटावी.

किल्ला होता, म्हणून बाजार होता

पेठ म्हणजे बाजार, व्यापाऱ्यांची वस्ती. किल्ल्याच्या पायथ्याला पेठ असणं ही सह्याद्रीत नवलाची गोष्ट नाही. लोणावळ्याहून कोरीगडला जाताना पायथ्याला पेठ शहापूर लागतं. कर्जतजवळच्या कोथळीगडाला तर लोक त्याच्या पायथ्याच्या गावावरून 'पेठचा किल्ला' असंच म्हणतात. गावाच्या नावाने किल्ला ओळखला जातोय, इतकं ते नाव घट्ट बसलं.

यामागचा हिशोब साधा आहे. किल्ल्यावर माणसं असतात. मराठ्यांच्या काळात प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनौबत, कारखानीस असे अधिकारी असायचे, त्यांच्या हाताखाली शिबंदी असायची. या सगळ्यांना धान्य लागतं, मीठ-तेल लागतं, दोर लागतात, लोखंड लागतं, दुरुस्तीला चुना लागतो. डोंगराच्या टोकावर यातलं फारसं काहीच पिकत नाही. ते सगळं खालून वर जाणार. म्हणजे खाली कुणीतरी आणणारा, साठवणारा, विकणारा हवा. किल्ल्याच्या भोवतीच्या पट्ट्याला घेरा म्हणायचे आणि तिथल्या वस्तीकडे वाटा राखण्याचं, रानावर नजर ठेवण्याचं काम असायचं. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावांची नावं आजही सरकारी कागदावर आहेत.

म्हणजे किल्ला आणि पायथा हे एकच युनिट होतं. आज आपण वरचा भाग 'इतिहास' म्हणून बघतो आणि खालचा 'पार्किंग' म्हणून.

इंटरनेटवरची एक चूक, जी सगळ्यांनी कॉपी केलीय

तिकोण्याला वितंडगड असंही नाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फूट. गुगल केलंत तर अनेक ठिकाणी एक वाक्य जसंच्या तसं सापडेल: १५८५ साली मलिक अहमद निजामशहाने हा किल्ला जिंकला.

अडचण अशी की निजामशाहीची स्थापना करणारा हा मलिक अहमद १५१० च्या सुमारासच वारला होता. मेल्यावर ७५ वर्षांनी कुणी किल्ला जिंकत नाही. मुळात मलिक अहमदने शिवनेरी, लोहगड, तुंग, तिकोणा, कोरीगड असे किल्ले एकामागून एक घेतले ते १४८५ च्या आसपास. कुठेतरी ४ चा ५ झाला आणि मग ती चूक ब्लॉगवरून ब्लॉगवर, तिथून व्हिडिओच्या व्हॉइसओव्हरमध्ये गेली. पुढच्या वेळी कुणी १५८५ म्हणालं तर तुम्ही थांबवू शकता.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी निजामशाहीचा हा जुना टापू स्वराज्यात आणला, त्यात तिकोणाही आला. १६६० मध्ये किल्ल्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी ढमाले देशमुखांकडे दिली गेली. पौड खोऱ्यातलं हे घराणं. किल्ल्याचं काम स्थानिक माणसाला देण्यात अर्थ होता, कारण इथल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या.

आणि मग आलं १६६५. मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला, ही गोष्ट शाळेत असते. त्याच वेळी त्याने दुसरीकडे काय केलं, ते फारसं सांगितलं जात नाही. वेढा चालू असताना त्याने दाऊदखानासारख्या सरदारांना फौजा देऊन आजूबाजूच्या मुलखात पाठवलं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोणा या किल्ल्यांच्या पायथ्याची गावं या फौजांनी जाळली, गुरं नेली, माणसं पकडली. किल्ला घेणं अवघड असतं, पण किल्ल्याला जे गाव पोसतं ते जाळणं सोपं असतं. पेठ किती महत्त्वाची होती, ते शत्रूला बरोबर माहीत होतं.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात तिकोणाही होता. १६७० मध्ये मराठ्यांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, त्यात हाही परत आला. शेवट १८१८ मध्ये. कर्नल प्रॉथरच्या फौजेने लोहगड घेतला आणि त्याच मोहिमेत आजूबाजूचे किल्लेही इंग्रजांकडे गेले. वर शिबंदी उरली नाही, म्हणजे खालच्या बाजाराचं गिऱ्हाईकही संपलं. नाव तेवढं राहिलं.

वर काय बघायचं

पेठेतून निघालात तर तासा-दीड तासात माथ्यावर पोहोचता. वाटेत वेताळ दरवाजा लागतो. थोडं पुढे चपेटदान मारुती आहे. पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी मूर्ती, एक हात उगारलेला, कमरेला खंजीर, पायाखाली पनवती. नुसत्या हात जोडलेल्या मारुतीची सवय असेल तर हा बघून दोन मिनिटं थांबायला होतं.

मग तळजाई देवीचं लेण्यातलं ठाणं आणि त्याच्यासमोर पाण्याचं तळं. जवळच चुन्याचा घाणा आहे. गोल खोबणीत फिरवायचं जड दगडी चाक. लोक त्याच्यावर बसून फोटो काढतात. कृपा करून काढू नका. तटबंदीचा चुना याच यंत्रात मळला गेला. पेठेतून बैलावर आणि डोक्यावर वर आलेलं सामान शेवटी कुठे पोहोचायचं, हे दाखवणारी गडावरची ही सगळ्यात बोलकी वस्तू.

शेवटचा टप्पा म्हणजे उभ्या पायऱ्या. एकेक पायरी गुडघ्याच्या वर येते आणि दोन्ही बाजूंना कातळ. पावसाळ्यात वरून पाणी वाहत असतं. चढताना काही वाटत नाही, उतरताना वाटतं. गर्दीच्या रविवारी इथे वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलेलं बरं.

माथ्यावर महादेवाचं मंदिर आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. टाकी एकापेक्षा जास्त का, याचं एक भारी कारण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतं. किल्ल्यावर तोफा डागल्या की त्यांच्या हादऱ्याने झऱ्यांचं पाणी जाऊ शकतं, म्हणून एका पाण्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी-तळी करून ठेवावीत, अशा अर्थाची सूचना त्यात आहे. १८व्या शतकातला बॅकअप प्लॅन.

आता वरून बघा. समोर पाण्यापलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. हे चार किल्ले एकमेकांना दिसतात आणि त्यातच त्यांचं काम कळतं. लोहगड-विसापूर हे मोठे, बोरघाटाच्या वाटेवर लक्ष ठेवणारे. तुंग आणि तिकोणा छोटे, पवना खोऱ्यातून कुणी मागून येऊ नये म्हणून उभे केलेले पहारेकरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे. तिकोणा नाही. म्हणजे साहेबाला पुरस्कार मिळाला, वॉचमन तसाच उभा आहे.

ते पाणी कुणाचं?

वरून दिसणारं निळं पाणी म्हणजे पवना धरण. या पाण्याशिवाय तिकोण्याचा एकही रील पूर्ण होत नाही. काठावर तंबूंची रांग लागलेली असते, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे, असं पॅकेज.

हे तळं नैसर्गिक नाही. पवना नदीवर १९६० च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात पाणी भरलं. धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे साधारण २४ हजार कोटी लिटर. जिथे पाणी आहे तिथे आधी गावं होती, भाताची खाचरं होती. या धरणग्रस्तांच्या बातम्यांमध्ये एक आकडा गेली कित्येक वर्षं सतत येतो. एकूण १,२०३ खातेदार, त्यातल्या ३४० जणांचं पुनर्वसन झालं, ८६३ जण बाकी. ज्यांनी जमीन दिली त्यांची नातवंडं आता मोर्चे काढतात.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणाच्या पोटातून वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर बाहेर येतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. मे महिन्यात लोक चालत जाऊन दर्शन घेतात, पाऊस पडला की महादेव पुन्हा बुडतो. कॅम्पिंगला येणाऱ्यांपैकी फार कमी जणांना आपण कशाच्या काठावर झोपलोय हे माहीत असतं.

हे पाणी जातं पिंपरी-चिंचवडला. धरणातून नदीत सोडायचं, नदीतून वाहत ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे महापालिका ते उचलते. मधल्या गावांतले शेतकरी याच नदीतून मोटारी लावून शेतीला पाणी घेतात. मग योजना आली की धरणापासून थेट शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायची. शहराचं म्हणणं, गळती थांबेल आणि पाणी स्वच्छ मिळेल. गावांचं म्हणणं, पाइपात पाणी गेलं की नदीचं काय होणार? जमीन आमची गेली, आता पाणीही जाणार का?

९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, मावळातले शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मारले गेले, त्यात एक महिला होती. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये सरकारने ती उठवली आणि विरोध पुन्हा सुरू झाला. तुम्ही कामशेतला जाताना ज्या एक्स्प्रेस वेने येता, तोच हा रस्ता.

मावळाच्या पाण्याचं हे काही पहिलंच प्रकरण नाही. याच डोंगररांगेत टाटांनी शंभर वर्षांपूर्वी वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणं बांधली. ते पाणी पश्चिमेला घाटाखाली खोपोली आणि भिवपुरीला सोडून मुंबईसाठी वीज तयार होते. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरोधात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. थोडक्यात, इथला पाऊस पूर्वेला गेला तर पिंपरी-चिंचवडच्या नळात आणि पश्चिमेला गेला तर मुंबईच्या दिव्यात.

गाडी वळवाच असं एक ठिकाण

कामशेतहून पवनानगरकडे येताना करुंजजवळ बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. कार्ला आणि भाजे सगळ्यांना माहीत असतात, कारण ती रेल्वे आणि हायवेच्या जवळ. बेडसे थोडी आत, त्यामुळे इथे शांतता असते.

इसवीसनपूर्व पहिल्या शतकातली ही बौद्ध लेणी. चैत्यगृहाच्या दारात प्रचंड उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. चेहरे, दागिने, बसायची ढब, सगळं दोन हजार वर्षांनी नीट दिसतं. इथल्या एका शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे, नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक. विचार करा, नाशिकच्या व्यापाऱ्याच्या मुलाने मावळातल्या डोंगरात पैसे का घातले? कारण कोकणातल्या बंदरांवरून घाटावर येणारा माल याच भागातून जायचा आणि लेणी त्या वाटांवर मुक्कामाच्या जागी होती. म्हणजे पेठ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे व्यापारी येत-जात होते.

चैत्यगृहात पूर्वी रंगवलेली चित्रंही होती. १९व्या शतकात एका मोठ्या साहेबाची भेट ठरली म्हणून उत्साही अधिकाऱ्याने आतून चुना फासला आणि चित्रं गेली. व्हीआयपी येणार म्हणून रंगरंगोटी करायची सवय जुनीच दिसते.

लोणावळा इतका जवळ, तरी हे खोरं वेगळं का?

याचं उत्तर रूळ आहे. मावळाचे स्थानिक भाग पडतात नद्यांवरून. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ. बोरघाटातून १८६३ मध्ये मुंबई-पुणे रेल्वे पूर्ण झाली, ती गेली इंद्रायणीच्या खोऱ्यातून. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या मार्गावर आले आणि वाढले. पवन मावळ डोंगराच्या पलीकडे राहिला. बाजारहाटासाठी इथली माणसं आजही पवनानगरला येतात, ज्याला जुने लोक काळे कॉलनी म्हणतात. काळे गावाजवळ धरणाच्या कामासाठी वसाहत झाली, तिचाच बाजार झाला. किल्ल्याची पेठ गेली आणि धरणाची पेठ आली, असं म्हणायला हरकत नाही.

खोऱ्याचं मुख्य पीक भात. जुना आंबेमोहर, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच्यापेक्षा जास्त पिकणारा इंद्रायणी. तुमच्या घरी येणारा इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची देन आहे, १९८७ मध्ये प्रसारित झालेला वाण. त्याच्या वंशात आंबेमोहरच आहे, वास तिथूनच आला. पावसाळ्यात खाचरांच्या बांधावरून चालत फोटो काढायचा मोह होतो, पण लावणी झालेला बांध फुटला की पाणी वाहून जातं आणि दिवसभराचं काम वाया जातं.

जायचं कसं, थांबायचं कसं

लोकलने पुणे-लोणावळा मार्गावर कामशेतला उतरा. तिथून पवनानगरकडे एसटी आणि शेअर जीप मिळतात, पेठेपर्यंत साधारण २० किलोमीटर. गाडी असेल तर पुण्याहून पौड, कोळवण, हाडशी, जवण असाही रस्ता आहे. तो अरुंद पण जास्त सुंदर. लोणावळ्यात मुक्काम असेल तर लोहगडाच्या पायथ्याने दुधिवरे खिंड उतरून पवना काठाने या.

एका दिवसात सकाळी तिकोणा आणि दुपारी बेडसे आरामात होतं. तुंग त्यात कोंबू नका. समोर दिसतो म्हणून जवळ वाटतो, पण धरणाला वळसा पडतो. दोन दिवस असतील तर रात्री पेठेत किंवा आजूबाजूच्या गावात घरगुती मुक्काम बघा. आधी फोन करून सांगितलं तर पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात आणि गावरान कोंबडी मिळते. काठावरच्या पॅकेजपेक्षा जेवण चांगलं आणि पैसे थेट गावात राहतात.

पाण्यात उतरू नका. तळं शांत दिसतं, पण तळाशी गाळ आहे, जुने बांध आहेत आणि काठ अचानक खोल होतो. इथे दरवर्षी माणसं बुडतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा पूल गर्दीने कोसळून चार जण गेले. दोन्ही रविवार होते. या घटनांनंतर पावसाळ्यात प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघूनच निघा.

आणि परतीच्या जीपची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. अंधार पडल्यावर कामशेतला जायला वाहन मिळणं कठीण होतं, मग पेठेतल्याच कुणाला तरी विनंती करून स्टेशनपर्यंत सोडायला सांगावं लागतं.